लोखंडातल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० च्या अणुकेंद्रांचा टी१ (ढवळल्यावर पुन्हा समतोलाला यायला लागणारा वेळ) बाह्य चुंबकीय क्षेत्रानुसार का बदलतो?

कारण कमी क्षेत्रात कोरिंगा यंत्रणेखेरीज (म्हणजे धातूतल्या वाहक इलेक्ट्रॉन्सना ऊर्जा देण्याखेरीज) इतर मार्गांनीही ऊर्जा निसटते. क्षेत्र वाढवलं की शिथिलन, म्हणजे हे समतोलाकडे परतणं, मंदावतं, मग स्थिरावतं. म्हणून ०.१ टेस्लावरचा एकच आकडा कोरिंगा स्थिरांक (टी१ गुणिले तापमान) समजू नका. क्षेत्र वाढवत चार-पाच मोजमापं घ्या आणि उच्च-क्षेत्र मर्यादा काढा.

तापमानाची गोची वेगळीच. या अणुकेंद्रांचा अनुनाद साधारण १६६ मेगाहर्ट्झला, ती ऊर्जा तापमानात मोजली तर ८ मिलिकेल्विन. त्याखाली टी१ गुणिले तापमान स्थिर राहत नाही आणि एकघातांकी वक्र (एकाच टी१ ने ठरणारी घसरण) बसवणं चुकीचं. अणुकेंद्राची फिरक (स्पिन) ५ असल्याने ११ ऊर्जा-उपपातळ्यांची दर-समीकरणं सोडवावी लागतात.

टी१ मोजताना अणुकेंद्रं ढवळणाऱ्या रेडिओ लहरी बंद करू नका, फक्त फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन (वारंवारता मागेपुढे हलवणं) बंद करा; त्याविना ढवळणं जवळपास थांबतं. लहरींनी उठणाऱ्या भोवरा प्रवाहांमुळे नमुन्याचं लोखंडी फॉइल तापतं ते तेवढंच राहतं. नाहीतर गॅमा असममितीत (वेगवेगळ्या दिशांना निघणाऱ्या गॅमा किरणांतल्या फरकात) दिसणारा बदल बराचसा फॉइल थंड होण्याचाच असायचा.