ओस पडलेले एक्स्चेंज आणि मुलीचा पसंतीक्रम

सांगली जिल्ह्यातील एका पालकांचे पत्र (संक्षिप्त): "मी दूरध्वनी खात्यात ३१ वर्षे नोकरी करून ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी बारावी झाली असून सीईटीला तिला ९१ पर्सेंटाइल आहेत. तिला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन हवे आहे. आमचे एक्स्चेंज माझ्या डोळ्यांदेखत ओस पडले, त्या खड्ड्यात मी तिला पडू देणार नाही. कॉम्प्युटर मिळाले तर ठीक, नाहीतर सरळ बी.एस्सी. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा (कॅप) लॉगिन माझ्याकडेच आहे. माझे बरोबर आहे ना?"

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. मूळ पत्र साडेतीन पानांचे आहे. त्यातील तीन पाने एक्स्चेंजविषयी आहेत आणि मुलीच्या वाट्याला जेमतेम सात-आठ ओळी आल्या आहेत. तिचे नाव पत्रात कोठेही नाही. अकरावीत असताना नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बीण पाहून आल्यापासून 'तिच्या डोक्यात अँटेना शिरला आहे', असे आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. ४५ मीटर व्यासाच्या अनेक अँटेना एका वेळी आकाशाकडे वळलेल्या पाहून एखाद्या मुलीला आयुष्यभराचा विषय सापडला असेल, तर त्यात तक्रार करण्यासारखे काय आहे?

पर्सेंटाइलची मला चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती त्या लॉगिनची. ज्या फॉर्मवर मुलीची पुढील चार वर्षे ठरणार आहेत, तो तिला उघडताही येऊ नये, ही व्यवस्था काळजीपोटी केलेली असली तरी अन्यायाची आहे, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ज्या माणसाने भर पावसात भिजलेल्या केबलचे जोड सोडवून पुन्हा बांधले, त्याला आपल्याच कार्यालयातील एकेक खोली कुलूपबंद होताना पाहावी लागली, तर त्याचे मन धास्तावणार, हे मी समजू शकतो. आपल्याबरोबर त्याच दिवशी देशभरातील सत्तर हजारांहून अधिक सहकारी बाहेर पडले होते. ते दुःख खरे आहे, परंतु ते आपले आहे आणि त्याचे हप्ते मुलीने फेडावेत, अशी अपेक्षा करता येणार नाही.

आपल्या पत्रात एक गैरसमज मुळाशी बसला आहे आणि तो असा की, दूरसंचार म्हणजे दूरसंचार खाते. मुंबईत १८८२ साली पहिले टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हापासून सेवा सतत बदलत आल्या आहेत. लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये १९६० साली एसटीडी, म्हणजे परगावी थेट फोन लावण्याची सोय, सुरू झाली आणि ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटरची गरज हळूहळू संपत गेली. १९९५ साली मोबाइल आला, २०१३ च्या जुलैत तारसेवा थांबली. आपले एक्स्चेंज का रिकामे झाले, हे आपणास माझ्याहून चांगले ठाऊक आहे. प्रत्येक ग्राहकासाठी एक्स्चेंजमधील मुख्य जोडफळीपासून (एमडीएफ) वस्तीतील वितरणपेटीपर्यंत (डीपी) तांब्याच्या तारांची स्वतंत्र जोडी होती, पावसाळ्यात प्रत्येक जोडी वेगळी बिघडत असे आणि म्हणूनच तेवढी माणसे लागत. आता एका ऑप्टिकल फायबरवरून प्रकाश अनेक वाटांनी वाटून देणाऱ्या, विजेविना चालणाऱ्या स्प्लिटरच्या साहाय्याने अनेक घरांना जोडणी मिळते. पूर्वी दोघांच्या बोलण्यासाठी एक मार्ग संभाषण संपेपर्यंत अडवून ठेवला जाई, तर आता ४जी फोनवरील आवाजसुद्धा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांमध्ये विभागला जातो आणि इतर डेटाबरोबर त्याच जाळ्यातून प्रवास करतो. दुबईहून आपल्या नातेवाइकाने केलेला व्हिडिओ कॉल उपग्रहावरून येतो, असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात असे बहुतेक सर्व दळणवळण वर्सोव्यासारख्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलमधून होते. तांब्याचे जाळे आक्रसले, परंतु संपर्काचे जाळे आपल्या नोकरीच्या कोणत्याही वर्षापेक्षा आज मोठे आहे.

म्हणून या क्षेत्रात मुबलक नोकऱ्या आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. मोबाइल कंपन्या मोजक्या उरल्या आहेत, टॉवरच्या देखभालीचे बरेचसे काम कंत्राटी आहे आणि त्यासाठी चार वर्षांची पदवी घेणे व्यर्थ आहे. खरे अभियांत्रिकीचे काम अँटेना, रेडिओ, चिप आणि जाळ्याचे सॉफ्टवेअर यांच्या रचनेत आहे. ५जीच्या केंद्रस्थानी असलेली यंत्रणा, म्हणजे एका अर्थी आजचे एक्स्चेंज, सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या रूपात असते. त्यामुळे आपल्या मुलीला प्रोग्रॅमिंग आणि लिनक्स ही संगणकप्रणाली मनापासून शिकावी लागेल, तेथे सवलत नाही. उलट तिने कॉम्प्युटर घेतले, तर प्रोग्रॅमिंग शिकवले जाईलच, पण लहरी आणि सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे तिला जे आवडते तेच, बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमात नसेल. कॉम्प्युटर ही कायमची सुरक्षित जागा आहे, हा आपला विश्वासही मला पटत नाही. ट्रंक बोर्डावरील ऑपरेटरलाही आपली खुर्ची तशीच वाटत होती.

पदव्युत्तर प्रवेशासाठीची गेट परीक्षा, तसेच यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, जिच्यात इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार ही स्वतंत्र शाखा आहे, हे मार्ग तिला पदवीच्या अखेरीस खुले असतील, आज त्यांचा विचार नको.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे की, आपले बरोबर नाही. लॉगिन आज संध्याकाळी मुलीच्या हाती द्या आणि पसंतीक्रम तिला भरू द्या, आपण शेजारी बसावे. त्याआधी यादीतील दोन-तीन महाविद्यालये दोघांनी मिळून पाहून यावीत. कम्युनिकेशनच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे सिग्नलमधील वेगवेगळ्या वारंवारता दाखवणारा उपकरणसंच, आहे का, तो चालू आहे का, विद्यार्थ्यांना तो स्वतः हाताळू देतात की कपाटात कुलपाखाली ठेवतात, हे विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रकल्प स्वतः केले की विकत आणले, हेही त्या मुलांशी बोलून समजून घ्या. शाखेच्या नावापेक्षा या चौकशीवर मी अधिक विसंबेन. एकतीस वर्षे जोड पक्का आहे की वरवरचा, हे आपण हाताने ओळखत आलात. तेथील उपकरणांवरची धूळ आपल्या नजरेतून सुटणार नाही. प्रश्न मात्र तिला विचारू द्या.