फाइल मी देणार नाही

बाळा,

परवा जॅममध्ये, सगळे मिळून वाजवत असताना, तुझ्या बँजोचा ब्रेक, म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी, आली आणि तू आयपॅडवर पानं सरकवत राहिलास. गाणं पुढे निघून गेलं. रात्री तुझा मेसेज : ‘काका, तुमची टॅबची फाइल द्याल का? माझ्याकडे कमी पडतात.’

नाही देणार. कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेले हे टॅबचे कागद तुला कमी पडत नाहीत रे, ऐकणं कमी पडतंय.

त्या फाइलपायी माझी सहा वर्षं गेली. दोनशे गाणी, मेट्रोनोमवर घोटलेली. मग इथे नॉर्थ कॅरोलायनात पहिल्यांदा एका पोर्चवर वाजवायला बसलो. गाणारीने ‘बी’ पट्टी सांगितली. मी कॅपो, म्हणजे सूर चढवायचा चिमटा, चौथ्या फ्रेटवर (पडद्यावर) लावला, पण तो जिच्यापर्यंत पोचत नाही ती आखूड पाचवी तार नवव्या फ्रेटच्या खिळ्याखाली अडकवायची राहिली. ती तार प्रत्येक रोलमध्ये, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या फेरीत, बेसूर टणटणत होती आणि मला ऐकूच येत नव्हती, कारण मी मनातल्या मनात कागद वाचत होतो. ब्रेक आला तेव्हा पाठ केलेलं सगळं वाजवलं. तिने गायलेली चाल त्यात कुठेच नव्हती.

म्हणून सांगतो, आधी ऐक. चाल गुणगुणता येत नाही तोवर बँजोला हात लावू नकोस. आली, की नुसती चाल तारांवर शोध, एकेक सूर. रोल त्याच्याभोवती नंतर गुंफ. ब्रेक सुचला नाही तर मान हलवून पुढच्याला दे. लाज कसली त्यात? पण तेव्हाही ऐक. गिटार ‘जी’ कॉर्डवरून ‘सी’वर कधी जाते, ते कानाने धर.

1945 च्या डिसेंबरात बँजोवादक अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोंच्या ब्लूग्रास बँडमध्ये आले. पुढे स्क्रग्जचे रोल शिकणारी पोरं मिनिटाला 33 फेऱ्यांची एलपी रेकॉर्ड 16 वर लावायची. वेग निम्मा, सूर एक सप्तक खाली, आणि सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी. तू म्हणशील, तेही साधनच. हो, पण त्यात ऐकावं लागायचं. म्हणूनच वेग कमी करणारं ॲप मी आजही वापरतो. ‘स्वतः ॲप वापरता आणि पोरांचे कागद काढून घेता’, असं मला तोंडावर ऐकवलंय लोकांनी. ऐकवू देत. ॲपवर मी एकेक जागा पन्नास वेळा ऐकतो. कागदाने मला सहा वर्षांत एकदाही ऐकायला लावलं नाही.

गावच्या भजनात आम्हा टाळकरी पोरांना कुणी वही दिली नव्हती. बुवांनी चाल बदलली की आम्ही बदलायचो. हे मला दहाव्या वर्षी येत होतं रे! इतक्या लांब येऊन मी ते टाकलं आणि पैसे मोजून कागद घेतले. त्याची चुटपुट अजून जात नाही.

रविवारी ये. आयपॅड घरी ठेव. मी एकच गाणं म्हणेन, आधी ‘ए’मध्ये, मग ‘बी’मध्ये, तुला ऐकू येईपर्यंत. तुझ्या बँजोला पाचव्या तारेचे खिळे नसतील तर तासभर आधी ये, बसवून देतो.

तुझा,
काका