प्रोबायोटिक घेतलं तर थायरॉइडची गोळी सुटते का?

ताई, तुम्हाला हाशिमोटो आहे, थायरॉइड हार्मोनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे आणि प्रोबायोटिकनं, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या औषधानं, पोटातले जिवाणू सुधारले की गोळी सुटते असं कुणीतरी सांगितलंय. कृपा करून गोळी सोडू नका. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथी पोखरते. कमी पडलेलं हार्मोन दह्यानं किंवा प्रोबायोटिकनं भरून निघत नाही.

पण पोटाचा आणि गोळीचा संबंध आहे, तो मी भोगलाय.

मी लातूरची. अकरा वर्षांपासून गोळी खाते. मधे टीएसएच काही केल्या उतरेना (ही रक्ताची तपासणी; थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो, जास्त झालं की उतरतो). ७५ ची १०० झाली, १०० ची १२५, तरी रिपोर्टमध्ये ११. ‘गोळी चुकवता का?’ असं विचारलं की रडू यायचं. उशाशी पाण्याचा तांब्या अन् गोळ्यांची पट्टी ठेवून रोज पहाटे साडेपाचला घेत होते हो! त्याच काळात आंबट ढेकर, छातीत जळजळ. घरात सगळ्यांनी ठेच्यावर खापर फोडलं. शेवटी दुर्बिणीतून तपासलं, तर जठरात एच. पायलोरी हा जिवाणू निघाला. त्यानं जठराला सूज येते, आम्ल कमी होऊ शकतं, आणि आपली गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं. म्हणजे गोळी पोटात जात होती, रक्तात पुरेशी पोचत नव्हती.

१४ दिवस अँटिबायोटिकचा कोर्स केला. दोन महिन्यांनी छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले. टीएसएच ०.२! तीच १२५ ची गोळी आता जास्त होत होती. डॉक्टरांनी १०० वर आणली. म्हणून असा उपचार झाला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायचाच.

तुमचा डोस सारखा वाढत असेल तर डॉक्टरांना एच. पायलोरी आणि सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार, या दोन्हींबद्दल विचारा. पित्ताची गोळी रोज घेत असाल तर तेही सांगा, तिच्यानंही आम्ल कमी होतं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवा. चहा तासाभरानं. आपल्याकडे पोळीच्या पिठात सोयाबीन दळून घालतात, तेही शोषण कमी करतं, तेव्हा ती पोळी सकाळी नको.

ताक खुशाल प्या, पण दुपारी जेवताना.