देव असता तर पंचगंगेला महापूर का आला? या वादात नेमकं काय सिद्ध होतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. कोल्हापुरात रंकाळ्यावर मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, २०१९ च्या महापुरात माणसांचे आणि जनावरांचे एवढे हाल झाले, देव असता तर त्यानं हे होऊ दिलं असतं का? ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या कर्माचं फळ, असं कर्माचं उत्तर तुम्ही दिलं, ते त्याला पटलं नाही. आता अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचा दाखला देऊन देव सिद्ध करता येईल का, आणि कर्माच्या उत्तरात काय चुकलं, असं तुम्ही विचारताय.

किरणोत्सवाचा दाखला देऊ नका. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत येतात. ही योजना आहे, पण ती देऊळ बांधणाऱ्यांची. सूर्य वर्षाच्या कुठल्या दिवशी कुठं मावळतो हे पाहून त्यांनी गाभाऱ्याची दिशा धरली. वाटेत उंच इमारत आली किंवा क्षितिजावर ढग आले की किरणं अडतात. चमत्कार म्हणून हा दाखला दिलात, तर मित्र लगेच हेच दाखवून देईल, आणि त्याचं बरोबर असेल.

देव आहे असं युक्तिवादानं मांडायचंच असेल, तर आपल्याकडे न्यायदर्शनाची, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या दर्शनाची, मांडणी आहे. त्या दर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांनी ती फार ताकदीनं लढवली. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घडा दिसला की तो घडवणारा कुणीतरी असणार, असं आपण धरतो. घडा हे कार्य आहे, आणि कार्याला कर्ता लागतो. डोंगर, अंकुर हीसुद्धा अवयवांनी बनलेली कार्यंच आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता हवा. यावर पहिला आक्षेप असा, की आपण पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर असतं, मग डोंगराच्या कर्त्याचं शरीर कुठं आहे? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, कर्ता असायला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न पुरतात, शरीर अनिवार्य नाही. मीमांसकांचा, म्हणजे वेद मानणाऱ्या पण जगाचा कर्ता न मानणाऱ्या पंडितांचा, आक्षेप मला जास्त जड वाटतो. घडा तयार होताना आपण पाहिलेला असतो, जग तयार होताना कुणी पाहिलंय? ते एके काळी नव्हतं आणि मग तयार झालं, हे कशावरून?

समजा, हा युक्तिवाद मान्य केला. तरी हाती काय लागतं? जाणता आणि समर्थ असा एक कर्ता. तो दयाळू आहे, हे घड्यावरून निघत नाही. तुमच्या मित्राचा बाण मात्र नेमका दयेवर आहे. म्हणजे हा युक्तिवाद त्याला उत्तर देतच नाही. मित्र दयेबद्दल बोलतोय, युक्तिवाद कर्त्याबद्दल.

मित्राचा मुद्दा कागदावर लिहून काढा. देव सर्वशक्तिमान आहे. देव सर्वज्ञ आहे. देव पूर्ण दयाळू आहे. तरीही जगात दुःख आहे. नुसती ही चार वाक्यं एकमेकांशी भांडत नाहीत. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली दाखवलं, की विसंगती काढायला आणखी दोन वाक्यं जोडावी लागतात: जो चांगला आहे तो शक्य असेल तेवढं वाईट दूर करतोच, आणि सर्वशक्तिमानाला कशाचीच मर्यादा नाही. बहुतेक वेळा ही दोन वाक्यं कुणी उच्चारतच नाही, आणि वाद तिथंच फसतो. आस्तिक तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी १९७० च्या दशकात याच जागी बोट ठेवलं. माणसाला खरंखुरं स्वातंत्र्य द्यायचं आणि तो चुकणारच नाही अशी व्यवस्थाही करायची, हे सर्वशक्तिमानालासुद्धा एकत्र जमेलच असं नाही. एवढ्यावर मॅकींची विसंगती निखळ सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे.

मध्येच तुम्हाला एक प्रतिप्रश्न सुचेल: देवच नाही, तर पुराला वाईट तरी कशाच्या आधारावर म्हणतोस? तो विचारू नका. मित्र स्वतःचं नीतिशास्त्र मांडत नाहीये. तुमचीच गृहीतकं घेऊन ती कुठं पोचतात एवढंच तो दाखवतोय. आपल्या वादपरंपरेत याला प्रसंग म्हणतात, आणि त्यासाठी बोलणाऱ्यानं ती गृहीतकं स्वतः मानावी लागत नाहीत.

आता पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. स्वातंत्र्याचं उत्तर इथं अर्धवटच लागू पडतं. पूररेषेतली बांधकामं आणि धरणांतून पाणी सोडण्याचे निर्णय माणसाचे, पण पाऊस कुणाच्या निवडीनं पडला नाही. किल्लारीच्या भूकंपातही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, जमीन हलली. माती-दगडाच्या जाड भिंतींनी माणसं चिरडली. भिंती माणसाच्या, हादरा निसर्गाचा. म्हणून एखाद्या घटनेवर वाद घालताना हे दोन भाग वेगळे करा. नाहीतर आस्तिक सगळं माणसाच्या माथी मारतो, आणि नास्तिक सगळं देवाच्या.

तुमच्या कर्माच्या उत्तराचं मूळ पक्कं आहे. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, मित्राचा हा आक्षेप ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’ या शब्दांत येतो, म्हणजे देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्याला तिथलं उत्तर असं, की देव कर्माच्या अपेक्षेनं फळ देतो. शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टांत दिला: पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, भात उगवणार की जव, हे बियाणं ठरवतं. मग पहिल्या जन्मात कर्म कुठून आलं? सूत्रकार म्हणतात, संसार अनादि आहे, पहिला जन्मच नाही.

पण या उत्तराची किंमत मोजावी लागते, आणि तुम्ही ती मोजली नाही. देव कर्माच्या बाहेर जाऊ शकत नसेल, तर सर्वशक्तिमान हा शब्द ढिला पडतो. सगळं कर्मच ठरवत असेल, तर देवाला काम काय उरतं? मीमांसक आणि जैन हेच विचारतात. कुंभोजच्या बाहुबलीला हात जोडणारा जैन श्रावक त्यांना जगाचा कर्ता मानत नाही, त्यामुळं तुमच्या मित्राचा प्रश्न त्याला लागूच होत नाही. नैयायिक सांगतात, की कर्म जड आहे, त्याला चालवणारा चेतन अधिष्ठाता, म्हणजे जाणता नियंता, लागतो. उत्तर बरं आहे, पण अशा देवाचं काम न्यायाधीशाचं, आईचं नाही. अंबाबाईला आपण आई म्हणतो. खरी अडचण इथंच आहे.

त्याहून मोठा दोष अन्योन्याश्रयाचा, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या करण्याचा. अमक्यानं पूर्वी पाप केलं हे कशावरून? त्याचं घर बुडालं म्हणून. घर का बुडालं? पाप केलं म्हणून. एका बाजूचा स्वतंत्र पुरावा नाही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला: भौतिक घटनेला भौतिकच कारणं असतात. अस्पृश्यतेबद्दल दोघांचं एकमत होतं, तरीही टागोर थांबले नाहीत. मला त्यांचंच पटतं. चिखलीच्या पूरग्रस्ताला ‘तुझं कर्म’ म्हणणारा त्याला काही समजावत नसतो, पुराव्याशिवाय आरोप करत असतो. स्वतःच्या दुःखाचा अर्थ स्वतः लावणं निराळं. दुष्काळानं दिवाळं निघालं ते बरंच झालं, असं तुकोबा स्वतःबद्दल म्हणतात, शेजाऱ्याबद्दल नाही.

मित्राचा मुद्दा सगळ्यात भक्कम कसा होतो, तेही बघून ठेवा. नास्तिक तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ साली विसंगतीचा आग्रहच सोडला. वणव्यात भाजून दिवसेंदिवस तडफडत मरणारं हरणाचं पाडस घ्या, असं ते म्हणाले. कुणी पाहिलं नाही, कुणी काही शिकलं नाही. त्यातून काही मोठं भलं होत असेल, हे संभवनीय तरी वाटतं का? आपल्याकडे दाव्याला बांधलेली, गोठ्यात पाणी चढताना हंबरणारी म्हैस घ्या. तिनं स्वातंत्र्याचा दुरुपयोग केला नाही. दुःखानं तिचं शील घडत नाही. देवाचं कारण आपल्या बुद्धीपलीकडचं असेल असं म्हणता येतं, पण मग किरणोत्सवासारख्या सुंदर गोष्टींवरून देवाचा हेतू ओळखण्याचा हक्कही सोडावा लागतो. कर्म पूर्वजन्मातून म्हशीपर्यंत पोचतं खरं, पण कशाबद्दल हे भोगतोय याची जाणीवच नसलेल्या जीवाला शिक्षा देऊन काय साधतं, ते सांगत नाही. पुढच्या वेळी पुलाखालच्या पाण्यावर नको, या म्हशीवर बोला. ‘देव आहे’ म्हणणाऱ्याला इथं काय देता येतं ते बघा, आणि ‘देव नाही’ म्हणणाऱ्याला विचारा, की यातून दयाळू देव नाही एवढंच निघतं, की कर्ताच नाही असंही?