चोपड्याच्या उन्हात एंजलफिश: टाकी अखाजीला भरा, मासे मृगानंतर आणा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्यात घर, सातवीतल्या मुलाचा एंजलफिशसाठी हट्ट, त्याच्या मामांनी दिलेली २४ × १२ × १५ इंचांची टाकी, बोअरचं पाणी, दुपारची जाणारी वीज. आणि दुकानदाराने लिहून दिलेली यादी: सहा एंजल, दहा निऑन टेट्रा, दोन गोल्डफिश, एक सकर. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत सगळं एकाच दिवशी उरकायचं असं तुम्ही म्हणता. मी भुसावळचा, चौदा वर्षं एंजल पाळतोय. आपलं ऊन सारखंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अखाजीला टाकी जरूर भरा. मासे मात्र मृग लागून दोन चांगले पाऊस झाल्यावरच आणा.

पुण्या-मुंबईचे लोक सांगतात त्या बऱ्याच गोष्टी खान्देशात अर्ध्याच लागू पडतात, कारण त्यांना मे महिना आपल्यासारखा सोसावा लागत नाही. बाहेर ४५ अंश असताना स्लॅबखालच्या खोलीतली टाकी संध्याकाळपर्यंत ३४-३५ वर सहज जाते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. पाण्यात हवा कमी होते आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण गरम पाण्यात त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं. भरीला अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि कुजक्या खाद्यातून होणारं विष. तो पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप खरं विषारी. २५ अंशांना पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ७ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांहून जास्त. तापमान वाढलं की हा वाटा आणखी वाढतो. आपल्या बोअरच्या पाण्याचा पीएच बहुतेक वेळा ८ च्या आसपासच भरतो. म्हणजे नवी टाकी, बोअरचं जड (क्षार जास्त असलेलं) पाणी आणि मे महिना हे तिन्ही एकत्र आले की दुकानातला धडधाकट मासाही आठवडाभरात जातो, आणि घरातल्या पोराला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून ही सगळी घाई नको म्हणतोय.

आता टाकीचं. एंजल मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या संथ पाण्यात, बुडालेल्या मुळ्या आणि उभ्या झाडोऱ्यातून सरकायला त्याचं अंग चपटं आणि उंच झालं. पूर्ण वाढलेला मासा लांबीला सहा इंच होतो, पण वरचा पर आणि खालचा पर धरून उंची आठ-दहा इंच भरते. तुमच्या टाकीची उंची १५ इंच. दोन इंच वाळू आणि वर इंचभर मोकळी जागा सोडली की पाणी उरतं १२ इंच. त्यात पिल्लं छान दिसतील, पण वर्षभरात त्यांना वळायला जागा राहणार नाही. शिवाय ती भरते ७० लिटरच, आणि कमी पाणी लवकर तापतं. ती टाकी फेकू नका, तिचा उपयोग पुढे सांगतो. एंजलसाठी ३६ × १८ × २० इंचांची, १० मिलिमीटर काचेची, वर पट्ट्या मारलेली टाकी करून घ्या. ती साधारण २१० लिटरची होते. वाळू, दगड, काच धरून वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा लोखंडी स्टँड, वर जाड प्लाय आणि त्यावर थर्माकोल हवाच.

जागा निवडताना दोन दिवस दुपारी चार वाजता घरात फिरून पाहा. पश्चिमेची भिंत नको, गच्चीखालची खोलीही नको. तुमच्याकडे जुना धाब्याचा भाग अजून उभा असेल तर माझ्या मते तीच घरातली सर्वांत चांगली जागा. मातीच्या धाब्याखाली जी थंडाई राहते ती पंख्याने येत नाही. फक्त जमीन समपातळीत आहे ना ते पाहून घ्या.

दगड-वाळूबाबत एक सांभाळा. नदीची वाळू चालते, पण आपल्याकडच्या वाळूत चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेले असतात. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर ती नको, नाहीतर आधीच जड असलेलं पाणी अजून जड होईल. काळा बसाल्ट बिनधास्त वापरा. कडप्पा काळा दिसतो म्हणून लोक टाकीत उभा करतात, पण तोही चुनखडीचाच दगड आहे. झाडांत वॅलिसनेरिया लावा. जड पाणी तिला मानवतं आणि तिची उंच पाती एंजलला आवडतात. सोबत लाकडाला बांधलेलं अनुबियास पुरे.

फिल्टरसाठी माझा आग्रह स्पंजचा आहे. दोन मोठे स्पंज फिल्टर आणि ते चालवायला एक चांगला एअर पंप. महागडा कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्याचा फिल्टर) वाईट नाही, पण दुपारी तीन-चार तास वीज गेली की त्या डब्यातल्या, अमोनिया खाणाऱ्या उपयोगी जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. ते मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत येतं. स्पंज उघड्या पाण्यात असतो, आणि एअर पंप पाच-सात वॅटचा असल्याने घरच्या इन्व्हर्टरला त्याचं ओझं होत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा पंप घ्या. एंजलला जोराचा प्रवाह तसाही सोसत नाही.

उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावा. कूलर ज्या कारणाने आपल्याकडे चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याच कारणाने हा पंखाही चालतो. कोरड्या हवेत बाष्पीभवन भराभर होतं आणि पाणी दोन ते चार अंश उतरतं. पाणी रोज कमी होईल, पण क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची ही भर आरओच्या पाण्याने करा, बोअरच्या नाही. वर जाळी ठेवा म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही. दिवे दुपारी बंद. बर्फ थेट टाकू नका. अगदीच पारा चढला तर गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडा. पाणी ३० पर्यंत असेल तर चिंता नको, ३२ ला हवा जोरात हवी, त्यापुढे दर तासाला लक्ष.

माझ्या हातून झालेलं एक सांगतो, ते मला आजही बोचतं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात पाणी बदलताना गच्चीवरच्या टाकीची नळी थेट मत्स्यटाकीत सोडली आणि फोन घ्यायला गेलो. ते पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं होतं. परत आलो तेव्हा तीन वर्षांची जोडी आडवी झाली होती. सायंकाळपर्यंत दोन्ही गेले. तेव्हापासून बदलायचं पाणी आदल्या रात्री ड्रममध्ये भरून, हवा सोडून, घरातच ठेवतो. यात दुसरंही काम होतं: नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन निघून जातो, आणि बोअरचं असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच खऱ्या आकड्यावर येतो. पीएच मोजायचा तो या दुसऱ्या दिवशीच्या पाण्याचा.

पीएच ७.८ किंवा ८ आला म्हणून घाबरू नका. दुकानातले जवळपास सगळे एंजल टाकीतच जन्मलेले असतात, ते जड पाण्याला जुळवून घेतात. रोज औषधं टाकून पीएच खालीवर करण्यापेक्षा तो ८ ला स्थिर असलेला कितीतरी बरा. तुमच्या बाजूला मात्र केळीचा पट्टा आहे. खतांमुळे बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असू शकतं, ते एकदा तपासा.

अखाजीला टाकी भरली, स्पंज सुरू केला, की रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होतो. तो खाणारे जिवाणू वाढले की नायट्राइट होतं, मग ते खाणारे दुसरे जिवाणू वाढून नायट्रेट. एखाद्याच्या निरोगी जुन्या टाकीतला स्पंज तुमच्या पाण्यात पिळून मिळाला तर काम लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं सलग आठवडाभर आलं म्हणजे टाकी तयार. याला चार-सहा आठवडे लागतात, आणि अखाजी ते मृग बहुतेक वर्षी तेवढेच दिवस मिळतात. उन्हाळ्याच्या उबेत जिवाणू चांगले वाढतात, म्हणून मासे नसलेल्या टाकीला मे महिना सोयीचाच. रोजच्या तपासणीची वही मुलाकडे द्या. तपासणीच्या किटमधल्या थेंबांचे रंग बदलताना पाहण्यात त्याचा महिना कधी सरेल ते कळणार नाही.

दुकानदाराची यादी मी पूर्ण खोडली असती. निऑनला थोडं थंड पाणी लागतं, आणि एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो. एखाद्या रात्रीत दहाचे सहा होतात. गोल्डफिश थंड पाण्याचा, घाण खूप करणारा. सकर नावाने लहान पिल्लू मिळतं, ते फूटभराच्या वर जातं, आणि मग लोक नदीत सोडतात. कृपा करून तो तापीत किंवा विहिरीत कधीच सोडू नका, आपल्या देशी माशांची जागा तो बळकावतो. टायगर बार्ब तर एंजलच्या लांब परांना टोचून टोचून फाडतात. त्याऐवजी तीन पर्ल गुरामी, चार-पाच स्वोर्डटेल आणि शेवाळ खायला एक ब्रिसलनोज मासा घ्या. ते आधी सोडा आणि दोन आठवड्यांनी एंजल.

एंजल सहा घ्या, एकाच वेळी, अंग नाण्याएवढं असताना. नंतर एकेक आणला तर जुने त्याला जगू देत नाहीत. निवडताना मला आधी डोळा दिसतो: लहान अंगावर मोठा डोळा म्हणजे उपासमारीत खुंटलेला मासा, तो वाढत नाही. दोन्ही कल्ल्यांची झाकणं पूर्ण हवीत, पोटाखालच्या दोन लांब मिशा सरळ हव्यात, विष्ठा पांढरी दोरीसारखी नको. दुकानदाराला तुमच्यासमोर खाद्य टाकायला सांगा. धावून येत नाही तो मासा घेऊ नका. जळगावहून आणायचे तर थर्माकोलच्या खोक्यात, सकाळच्या पहिल्या एसटीने.

आणि मामांची ती ७० लिटरची टाकी इथे कामाला येते. नवे मासे आधी तीन आठवडे तिच्यात वेगळे ठेवा. तिच्यासाठी एक छोटा स्पंज आत्तापासूनच मोठ्या टाकीत ठेवून पिकवा. ट्युबिफेक्स हे जिवंत किडे घाण पाण्यातले असतात, ते देऊ नका. बारीक दाणेदार खाद्य दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. मे महिन्यात त्याहून कमी. एंजल माणूस दिसला की काचेपाशी येऊन मागत राहतो, मुलाला ते आधीच समजावून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला रात्री पारा खूप उतरतो, तेव्हा २०० वॅटचा हीटर लागेल. तोपर्यंत सहापैकी दोघांची जोडी जमण्याच्या बेतात असेल. जमली की ते एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागतात. उरलेल्यांपैकी काही परत घेशील का, हे दुकानदाराला आजच विचारून ठेवा. अंडी पानावर किंवा फिल्टरच्या पाइपावर घालतील, दोन-अडीच दिवसांत फुटतील. पहिल्या एक-दोन वेळा बहुतेक जोड्या स्वतःच अंडी खाऊन टाकतात, मुलाने रडू नये.

सध्या एवढं करा: बोअरचं पाणी रात्रभर हवा सोडून ठेवा, सकाळी पीएच, जडपणा आणि नायट्रेट मोजून आकडे इथे टाका. सोबत टाकी ठेवायच्या जागेचं दुपारी चारचं तापमानही. मग आरओचं पाणी किती मिसळायचं आणि पंखा एक लागेल की दोन, ते सांगतो.