जाड पॅड घेण्याआधी स्टॉकची लांबी मोजा

12 बोअरच्या दुनळीतून 25 काडतुसं उडवली की खांदा काळानिळा पडतो, स्टॉकच्या, म्हणजे दस्त्याच्या, खांद्याला टेकणाऱ्या टोकावरचं मूळचं रबरी पॅड वाळून दगडासारखं झालंय, तेव्हा सगळ्यात जाड आणि मऊ पॅड कोणतं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. पॅड बदला, ते बदलायलाच झालंय. पण जाडीवर जाऊन निवडू नका.

आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा आणि पुढच्या ट्रिगरपासून बटच्या, म्हणजे दस्त्याच्या त्या टोकाच्या, मध्यापर्यंतचं सरळ अंतर मोजा. याला लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. तयार मिळणाऱ्या बऱ्याच शॉटगनवर ते 14 ते साडेचौदा इंचांच्या आसपास असतं. त्यावर एक इंचाचं चढवायचं पॅड, म्हणजे मोज्यासारखं वरून घालतात ते, बसवलं की बंदूक जवळजवळ इंचभर लांब झाली. लांब हात असलेल्याला ते चालेल, सगळ्यांना नाही.

मी नेमकी हीच चूक केली होती. पॅड उत्तम होतं, अंगठ्याने दाबलं तर लोण्यासारखं आत जायचं. पण बंदूक वर आणताना बटची वरची टाच जॅकेटला काखेजवळ अडायची आणि घाईत बट खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर खांदा साफ, आणि दंडावर तळहाताएवढा निळा डाग. तेच पॅड काढून मापाचं पातळ बसवलं तेव्हा त्रास गेला.

पॅड धक्का नाहीसा करत नाही. 28 ग्रॅम छऱ्यांचं काडतूस उडालं की 3.2 किलोची बंदूक साधारण सेकंदाला 4 मीटर वेगाने मागे येते, पॅड असो वा नसो. पॅड तो धक्का थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतं, एवढंच. म्हणून अति मऊ आणि पातळ पॅडही फसवं असतं: ते पूर्ण दबून तळ गाठतं आणि मग आतली कडक पट्टी हाडावर येते. धक्का मुळातच कमी हवा असेल तर काडतूस हलकं घ्या. ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीटमध्ये, म्हणजे हवेत सोडलेल्या तबकड्यांवर नेम धरायच्या खेळांत, 24 ग्रॅमचीच काडतुसं वापरतात. तुमच्या बंदुकीत 28 वरून 24 वर आलात आणि छऱ्यांचा वेग तेवढाच राहिला, तर धक्क्याची ऊर्जा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होईल. पॅड ही ऊर्जा कमी करत नाही.

दुखतं कुठे तेही बघा. गालाला लागत असेल तर मूळ कारण बहुधा गाल टेकतो त्या कडेच्या उंचीत किंवा बटच्या कोनात असतं, पॅड बदलून ते जाणार नाही.

साहित्याबद्दल फार डोकं शिणवू नका. पॅकमायरचं डिसेलरेटर, लिंबसेव्हर, सॉर्बोथेनचं किक-ईझ, तिन्ही जुन्या कडक रबरापेक्षा कितीतरी चांगली. त्यापेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा. नेमाची तबकडी हवेत सुटलेली बघून मग बंदूक खांद्याला लावत असाल तर पॅडची टाच गुळगुळीत आणि कडक हवी, चिकट रबर कपड्यात अडकतं. ट्रॅपसारखी आधीच खांद्याला लावून थांबत असाल तर खरखरीत पॅड उलट बरं, बट जागचा हलत नाही.

हेच रायफलला करणाऱ्यांनी दुर्बिणीकडे लक्ष द्यावं. स्टॉक आखूड केला की डोळा दुर्बिणीच्या जवळ जातो, आणि मग तिची कडा भुवई फोडते. पॅड बदललं की दुर्बीणही पुन्हा पुढे-मागे करून बसवायची.

बसवण्याचं सांगतो. तुमच्या मॉडेलसाठी तयार मापाचं पॅड मिळत असेल तर तेच घ्या. नाहीतर मोठं पॅड घासून आकार द्यावा लागतो; लाकडावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावूनच घासा. जुनं पॅड अर्धा इंच आणि नवं एक इंच असेल, तर लांबी तेवढीच ठेवायला अर्धा इंच लाकूड कापावं लागेल. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याचे तुकडे टेपने चिकटवून लांबी वाढवून बघा, नेहमीच्या जाड कपड्यांसकट. पोकळ प्लास्टिकच्या स्टॉकला करवत लावू नका. पॅडच्या चिरांमधून स्क्रू आवळताना पेचकसाला साबण लावा, नाहीतर चीर फाटते. आणि बंदूक महिनोन्महिने बटवर उभी करून ठेवू नका, मऊ पॅड एका बाजूला बसकं होतं.

आत्ताची लांबी, बंदुकीचं वजन आणि काडतुसातले छरे किती ग्रॅमचे, एवढं सांगा. मग जाडीचा आकडा देतो.