औषध एकीला, जंतू निर्ढावले दुसरीचे

प्रश्न : गेल्या वर्षी एका म्हशीला कासदाह झाला, ती इंजेक्शनांनी बरी झाली. आता दुसरीला झालाय. तिला आजवर एकही अँटिबायोटिक दिलेलं नाही, तरी तेच औषध चालेना. दूध तपासलं तर ई. कोलाय निघाला, तोही एकदम तीन औषधांना दाद न देणारा. हे कसं? दूधविक्रीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध द्यावं का?
— एक पशुपालक, कोल्हापूर

उत्तर : म्हशीनं औषध घेतलं नसलं, तरी सडात शिरलेल्या जंतूकडे त्याचा उतारा आधीच असू शकतो. ई. कोलाय मूळचा आतड्यातला, शेणातून कासेला लागतो. पहिलीला इंजेक्शनं दिली तेव्हा तिच्या आतड्यातले साधे जंतू मेले आणि चिवट तेवढे उरले, तेच शेणातून दुसरीच्या कासेला लागले, असं घडलं असावं.

हा उतारा बहुतेकदा प्लास्मिडवर असतो. प्लास्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीजचं डीएनएचं छोटं कडं. ते बाळगणारा जंतू केसासारखा तंतू काढून शेजाऱ्याला चिकटवतो आणि जवळ ओढतो. दोघं भिडले की कड्याच्या दोन धाग्यांपैकी एक कापला जातो, उलगडत पलीकडे जातो. मग दोघंही आपापल्या धाग्याला जोड विणून घेतात. देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही, हीच खरी अडचण! डीएनएच्या सुमारे एक लाख अक्षरजोड्यांचं ‘एफ’ नावाचं प्लास्मिड ३७ अंश सेल्सिअसला काही मिनिटांत पलीकडे जातं. घेणारा त्याच जातीचा हवा असंही नाही, ई. कोलायकडून क्लेब्सिएलाकडेही कडं जातं.

तीन औषधं एकदम निकामी होतात, कारण एकाच कड्यावर अनेक उतारे ओळीनं बसलेले असतात. त्यातलं कुठलंही एक औषध वापरा, टिकतं सगळं कडं. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे शिगेला जंतू असेच चार औषधांना पुरून उरले होते.

म्हणून आधी तपासणी, मग औषध. कास धुऊन कोरडी करा, सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या आणि निर्जंतुक बाटलीत पाचेक मिली दूध घ्या. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बादलीतलं दूध नेलंत तर शेणातलेच जंतू वाढतात नि अहवाल फसतो.

उपचार चालू असताना, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढंही, हे दूध कट्ट्यावर नेऊच नका. उकळून जंतू मरतात, पण औषधाचा अंश बराचसा राहतो. धारोष्ण दुधात तर दोन्ही पोटात जातात. रेडकालाही ते पाजू नका, त्याच्या आतड्यात पुन्हा चिवट जंतूच निवडले जातील.